स्टॉपवॉचच्या आधी वीट

इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगचा, म्हणजे काम कमी श्रमात आणि नीट कसं व्हावं हे शोधणाऱ्या शास्त्राचा, इतिहास शिकवायला बसलं की पहिलं नाव येतं फ्रेडरिक टेलरचं. मग स्टॉपवॉच, मग टाइम स्टडी, म्हणजे कामाला लागणारा वेळ मोजणं. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर मला ठामपणे वाटतं, की आपण ही गोष्ट चुकीच्या टोकाकडून सांगतो.

टेलरचं मोठेपण मला मान्य आहे. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीत मजूर आपापली फावडी घेऊन येत. एकच फावडं राखेलाही आणि जड खनिजालाही. फावड्यावर साधारण २१ पौंड वजन असलं की दिवसभराचं काम सर्वांत जास्त होतं, हे टेलरने प्रयोग करून काढलं आणि मालाप्रमाणे लहान-मोठी फावडी कंपनीकडूनच द्यायला लावली. याला मी अस्सल इंजिनीअरिंग म्हणतो.

पण तिथलीच दुसरी गोष्ट घ्या. कच्चं लोखंड वाहणाऱ्या एका मजुराचं काम दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर. काम जवळपास चौपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. हे टेलर अभिमानाने सांगतो आणि असं काम करणाऱ्या माणसाची तुलना बैलाशी करतो! १९११ साली हे सांगणारं त्याचं पुस्तक आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. पुढे अमेरिकी काँग्रेसने अशा कारखान्यांत स्टॉपवॉचवर सरकारी पैसा खर्च करायला बंदीच घातली.

माझी पहिली टाइम स्टडी मला अजून टोचते. प्रेसवरचे काका प्रत्येक तुकडा जमिनीवरच्या क्रेटमधून वाकून उचलत होते. मी सेकंद बिनचूक टिपले. वाकण्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. त्या आकड्यांवरून टार्गेट वाढलं आणि क्रेट होता तिथेच राहिला.

म्हणून मला फ्रँक गिलब्रेथ जवळचा वाटतो. १८८५ साली, सतराव्या वर्षी, तो गवंड्याच्या हाताखाली लागला. त्याला दिसलं, की शिकवताना गवंडी एका पद्धतीने वीट लावतो आणि घाईत असला की दुसऱ्याच. शिवाय पाचेक पौंडांच्या विटेसाठी तो दर वेळी अख्खं शरीर खाली नेऊन वर आणतो. गिलब्रेथने परांच्या अशा केल्या, की भिंत चढेल तशा त्या वर सरकवता येत आणि विटा हाताच्या उंचीवर राहत. चांगली बाजू वर करून विटा आधीच रचून ठेवायच्या आणि मसाला असा सैल करायचा, की वर ठोकायला नको. हालचाली १८ वरून ५ वर आल्या, ताशी १२० विटा लागायच्या तिथे ३५० लागू लागल्या. त्याने आधी त्रास शोधला, वेग त्यामागून आला.

आणि त्याची बायको लिलियन गिलब्रेथ! १९१५ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली ही बाई कामाचा थकवा हाच अभ्यासाचा विषय मानत होती. १९२४ मध्ये फ्रँक गेला, तसे कारखानदार गिऱ्हाईक पांगले. पदरात मुलांचं मोठं खटलं. ती स्वयंपाकघराकडे वळली आणि ओट्याची उंची, मांडणी, दोन कामांमधली पावलं मोजू लागली. पायाने झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा तिच्या नावावर आहे. १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ती प्राध्यापक झाली. या पेशाला माणूस दिसायला लागला तो तिच्यामुळे, असं माझं मत आहे.

पदव्या आणि संस्था यथावकाश आल्या. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम १९०९ चा, तिथली व्यावसायिक संस्था थेट १९४८ ची. मधल्या काळात कामांचं वेळापत्रक दाखवणारे गँटचे तक्ते, मालाच्या दर्जावर नजर ठेवणारे श्यूहार्टचे कंट्रोल चार्ट, दुसऱ्या महायुद्धानंतर हाताशी असलेल्या साधनांची सर्वांत चांगली वाटणी काढणारं डँटझिगचं गणित. सगळं मोलाचं आणि मी रोज वापरतो.

आता माझ्या तक्त्यात वाकणं, वळणं, हात खांद्याच्या वर जाणं यांचे रकाने पहिले असतात. पहिला दिवस नुसता बघण्याचा. घड्याळ दुसऱ्या दिवशी, तेही मशीनवरच्या माणसाला विचारून.