चाळीस सेकंदांची शिकवणी

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक डाव थांबला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. खुद्द खेळ चालतो जेमतेम पाच-सहा सेकंद. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकांना हा खेळ समजावून देण्याचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्या वाट्याला ही मधली चाळीस सेकंदं येतात. त्यातली दहा काकांचा चष्मा शोधण्यात जातात.

सुपर बोलचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचा रविवार, न्यू जर्सीतली थंडी, स्वयंपाकघरात काकू बटाटेवडे तळताहेत, आणि सोफ्यावर मी शिकवणीला बसलेली. नियमांची भीती काकांना नाही. दहा यार्डांसाठी चार संधी, हे त्यांना सहा चेंडूंच्या षटकासारखं चटकन पटतं. गाडी अडते ती ब्लिट्झपाशी. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, चेंडू घेऊन मागे सरकतो, कुठूनसा एक माणूस सुसाट येतो आणि त्याला आडवा करतो. "अगं, पण राखायला समोर पाच जण होते ना? ते काय करत होते?"

काका, ते पाच जण आपापला माणूस धरून होते. भानगड सहाव्याची आहे.

हिशेब साधा आहे. दोन्हीकडे अकरा-अकरा. हल्ला करणाऱ्या संघाचे पाच जण, म्हणजे मधला सेंटर, दोन बाजूंना दोन गार्ड आणि त्यांच्या कडेला दोन टॅकल, फक्त राखण करतात. बचाव करणारा संघ एरवी चार जणांना क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतो आणि सात जणांना मागे झेल अडवायला ठेवतो. चारांना पाच, म्हणजे राखणदारांकडे एक हात शिल्लक. बचावानं पाच किंवा जास्त माणसं सोडली की तो झाला ब्लिट्झ. सहा आले तर शेजारी उभ्या रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्याला, राखणीला जुंपायचं, तरी सहाला सहा पुरतात. सात आले की, जादा माणूस राखणीला ठेवला नसेल, तर गणितच संपतं. एक जण मोकळा येणारच, आणि त्याचा बंदोबस्त क्वार्टरबॅकनं स्वतः करायचा, म्हणजे तो पोचायच्या आत चेंडू हातावेगळा करायचा. त्याला वेळ मिळतो अडीच सेकंदांच्या आसपास. इतक्या वेळात काकांचा "अगं" सुद्धा पुरा होत नाही.

"मग दर वेळी सातच का नाही सोडत?" हा काकांचा पुढचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर चांगला प्रश्न.

कारण ही सगळी उसनवारी आहे. पुढे धाडलेला माणूस मागून उसना घेतलेला असतो. लग्नात नवरदेवाला बघायला मुलाकडचे झाडून सगळे मांडवाकडे पळाले, की बाहेर त्याच्या जोड्यांवर नजर कोण ठेवणार? करवल्या त्याच घटकेची वाट बघत असतात. इथे करवल्यांच्या जागी रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, असतात. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला माणूस, पुढे धावला हे दिसताच आतल्या बाजूचा रिसीव्हर ठरलेली लांब पळापळ सोडून देतो आणि तीन पावलांत तिरका वळून त्याच रिकाम्या जागेत शिरतो. याला हॉट रूट म्हणतात. नियम एका ओळीचा: माणूस जिथून आला, चेंडू तिथे टाक. दोघांनाही तो ब्लिट्झ एकाच वेळी दिसायला हवा, एवढीच अट. क्वार्टरबॅकला दिसला आणि रिसीव्हरला नाही, तर चेंडू जिथे पडतो तिथे कुत्रंही नसतं, आणि समालोचक म्हणतो, "दोघांचं एकमत झालेलं दिसत नाही." आमच्या घरात हे वाक्य दुधाची पिशवी आणायला कोण जाणार यावरून रोज लागू पडतं.

सगळ्यात जुगारी प्रकार म्हणजे कव्हर झीरो. मागे राखणीला एकही सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, ठेवायचा नाही. प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक माणूस, उरलेले सगळे अंगावर. नऊही क्षेत्ररक्षक बॅटभोवती लावले आणि फलंदाजानं उचलून मारला, तर चेंडू आणायला प्रेक्षकांनाच धाडावं लागतं, तसंच हे. एक पकड निसटली की सत्तर यार्ड मोकळं रान. त्यात टीव्हीचा कॅमेरा डाव सुरू होण्याआधी हे मागचे सेफ्टी बऱ्याचदा दाखवतच नाही. म्हणजे मागे राखणीला कोण आहे, या कोड्याचं निम्मं उत्तर चौकटीबाहेर, आणि मी मात्र उरलेल्या निम्म्यावर शिकवणी घेतेय.

डाव सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक बोट दाखवून ओरडतो, "चोपन्न माइक! चोपन्न माइक!" काकांना वाटतं माइक बिघडला. शंका अगदीच चुकीची नाही, कारण प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमध्ये येत असतो आणि घड्याळात १५ सेकंद उरली की तो बंद होतो. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरायचं. पण हा माइक वेगळा. माइक म्हणजे मधला लाइनबॅकर, आणि चोपन्न हा त्याच्या जर्सीवरचा आकडा. राखणदारांनी माणसं मोजायची कुठून, हे त्या खुणेवरून ठरतं. मोजणी एका माणसानं चुकली तर डावा गार्ड हवेशी झुंजतो आणि उजवीकडून दोघे जण थेट आत येतात. माणूस ओळखूनही काम झालंच असं नाही. २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा एका वेळी २८-३ अशी पुढे होती. चौथ्या सत्रात, अजून १६ गुणांची आघाडी असताना, एकच यार्ड हवं होतं. न्यू इंग्लंडचा हायटॉवर कडेनं आला, रनिंग बॅक फ्रीमनची राखण हुकली, क्वार्टरबॅक रायनच्या हातून चेंडू निसटला, आणि सामना फिरायला लागला. न्यू इंग्लंड ३४-२८ अशी जिंकली.

इथवर शिकवलं की काकांना वाटतं, आलं आपल्याला. समोर सहा जण रेषेवर वाकून उभे दिसले की ते ओरडतात, "ब्लिट्झ!" आणि सहापैकी चारच येतात.

या खेळातली खरी लबाडी ही. सेंटर आणि गार्डच्या मधल्या फटीला ए-गॅप म्हणतात. दोन्ही ए-गॅपमध्ये दोन लाइनबॅकर आणून उभे करायचे. राखणदारांना आतली बाजू सांभाळावीच लागते, कारण तिथून क्वार्टरबॅक सगळ्यात जवळ. चेंडू उचलला की ते दोघे मागे पळतात, आणि कडेला ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तो येतो. अंगावर आले चारच, मागे सात शाबूत, तरी राखण फुटली. शत्रूला फुकटात घाबरवणं याहून स्वस्त काही नाही.

प्रशिक्षक डिक लेबो यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटीत ही कला झोन ब्लिट्झच्या रूपानं रुळवली. पाच जण सोडायचे, पण एरवी धडक मारणारा एखादा दांडगा मागे सरकवून हॉट रूटच्याच वाटेवर उभा करायचा. मागे सहा: तिघे जवळ, तिघे खोल. क्वार्टरबॅक शहाण्यासारखा रिकाम्या जागेत चेंडू टाकतो, आणि जागा रिकामी नसते. २००९ च्या सुपर बोलमध्ये लेबो पिट्सबर्गचा बचाव सांभाळत होते. मध्यंतराला काही सेकंद उरलेली, ॲरिझोना गोलरेषेला टेकलेली. पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसननं आत घुसण्याचा आव आणला, पाऊल मागे घेतलं, ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचा चेंडू झेलला आणि १०० यार्ड धावून थेट पलीकडच्या गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला. पिट्सबर्ग २७-२३ नं जिंकली. हे ऐकून काका म्हणतात, "म्हणजे न आलेला ब्लिट्झच जास्त लागतो." काका कधीकधी मला घाबरवतात.

मग येते '४६' ची गोष्ट, जी मी सांगायला नको होती. "सेहेचाळीस? खेळाडू तर अकरा!" शिकागोचे बचाव-प्रशिक्षक बडी रायन यांच्या या रचनेला नाव पडलं डग प्लँक या सेफ्टीच्या जर्सीवरच्या आकड्यावरून. रेषेवर आणि रेषेजवळ आठ जण गोळा करून दाणादाण उडवायची. १९८५ च्या शिकागो बेअर्सनी याच रचनेवर सुपर बोल मारली, ४६-१० अशी, आणि तेव्हा प्लँक संघात नव्हताच. त्या मोसमात ते हरले एकदाच, मायामीकडून, ३८-२४. मायामीनं जादा रिसीव्हर पांगवून उभे केले, त्यामुळे गर्दी करायला आलेल्यांना त्यांच्यामागे पळावं लागलं. उसनं घेतलेलं तिथल्या तिथे वसूल.

मध्यंतरात प्रशिक्षक काहीतरी जादू करून सगळं बदलतात, हा काकांचा आवडता समज. मध्यंतर एरवी असतं बारा-तेरा मिनिटांचं, त्यात जायचं-यायचं आणि संडास-बाथरूम. खरी दुरुस्ती बाकावर बसून टॅब्लेटवरची छायाचित्रं बघत होते, किंवा आठवडाभर आधी. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅम्पाचा बचाव सांभाळणारे टॉड बोल्स कॅन्सस सिटीसमोर उघडे पडले. त्यांचा रिसीव्हर टायरीक हिलनं पहिल्याच सत्रात २०३ यार्ड काढले. फेब्रुवारीत तेच दोन संघ सुपर बोलला. बोल्स हे हाडाचे ब्लिट्झवाले, पण त्या दिवशी त्यांनी हात आवरला. दोन सेफ्टी खोल ठेवले आणि बहुतेक वेळा चौघांनाच सोडलं. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी होते, त्यामुळे चौघेही पुरले. टॅम्पा जिंकली ३१-९, आणि क्वार्टरबॅक माहोम्सच्या कॅन्सस सिटीला एकही टचडाउन नाही. उधारी न करताच दुकान चाललं.

तिसरी संधी, सात यार्ड हवेत, रेषेवर पुन्हा सहा जण. काका श्वास रोखून. काकू झारा हातात घेऊन दाराशी येऊन उभ्या राहतात.

"तो डावीकडचा नाही येणार," काकू म्हणतात.

"तुला काय ठाऊक?"

"टाचांवर उभाय. ज्याला पळायचं असतं तो चवड्यावर असतो."

चेंडू उचलला जातो. डावीकडचा मागे सरकतो.

मी घड्याळ बघते. अजून तेहतीस सेकंदं आहेत. "काकू," मी म्हणते, "तुम्ही इकडे सोफ्यावर या. उरलेले वडे काका तळतील."