शूर्पारकाची दुसरी कथा

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि शूर्पारक भूमी मिळवली, ही कथा कोकणच्या प्राचीन बंदरांवरील तुमच्या लेखात विस्ताराने आली आहे. मात्र त्याच शूर्पारकाची, म्हणजे आजच्या सोपाऱ्याची, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा सुटली, याची रुखरुख वाटते. अनेक सागरी सफरी करून श्रीमंत झालेला हा व्यापारी पुढे भिक्षू होतो आणि संकटातून वाचलेल्या जहाजावरच्या चंदनाचा विहार बुद्धासाठी उभारला जातो, असे ती सांगते. व्यापारी समाजाने जपलेली ही स्मृती मला बंदराच्या जगण्याच्या अधिक जवळची वाटते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला तेव्हा अवशेषांचा करंडक मिळाला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले आहेत.

कल्याणचा उल्लेख फारच ओझरता झाला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-ग्रंथात, तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जात, असे स्पष्ट लिहिले आहे. सातवाहन आणि क्षत्रप (पश्चिम भारतातील शक राजे) यांच्या संघर्षाचा मुख्य विषय बंदरांवरील ताबा हाच होता, असे माझे मत आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा आणि चौल येथील दात्यांची नावे आजही वाचता येतात.