पांढरी पाच, जराशी चढी

मावशीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हाचा संवाद असा झाला होता.

"तू त्या ऑर्केस्ट्रात काय वाजवतोस रे?"

"बेस."

"बेसच वाजवत असशील रे बाळा, आपलाच पोरगा आहेस. पण वाजवतोस काय?"

चूक मावशीची नाही. आमच्याकडे बेस म्हणजे छान. वरण बेस झालं, जावई बेस मिळाला. त्यात नागपुरात बेसा नावाची आख्खी वस्ती आहे. त्यामुळे फोनवर "मी बेसवर असतो" म्हटलं की समोरचा विचारतो, "मनीषनगरकडून जवळ पडतं का मानेवाड्याकडून?" मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. गिटारसारखंच दिसतं, मान जास्त लांब असते, तारा जाड असतात आणि चारच असतात. यावर दहातले सात जण सहानुभूतीने विचारतात, "दोन तुटल्या का?"

हे वाद्य मी निवडलेलं नाही. कॉलेजात आमचा पाच जणांचा बँड होता आणि पाचही जणांना गिटारच वाजवायची होती. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर 'बेस' लिहिलेलं होतं आणि मलाही मावशीसारखंच वाटलं की हा शेरा आहे. पुढे वाचनात आलं, की १९६१ साली बीटल्सचा बेसवाला बँड सोडून गेला तेव्हा उरलेल्यांपैकी कुणालाच ते वाद्य नको होतं, म्हणून ते पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. पुढे त्याचं बरं झालं. माझं अजून व्हायचं आहे. डेट्रॉइटचा बेसवाला जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही, हे वाचून तर मी अंथरुणात उठून बसलो. मीही बदलत नाही. माझं कारण आर्थिक आहे एवढंच.

खरा मनस्ताप वाद्याचा नाहीच, तो त्याच्या डब्याचा आहे. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बेसवाले माणसाहून उंच असं ते लाकडी धूड उचलून हिंडत. फेंडरने त्याची खांद्याला लटकवता येईल अशी फळी केली. केवढे उपकार! फक्त त्या फळीला स्वतःचा आवाज नव्हता. तो अँप्लिफायरमधून काढायचा, म्हणजे वाद्य हलकं झालं आणि ओझं डब्यात गेलं. आणि खर्जाला ताकद फार लागते. आपला कान खालचे सूर मुळातच कमी ऐकतो, त्यामुळे गिटारवाला ३० वॉटमध्ये शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेतो, तिथे बेसवाल्याला ३०० वॉट लावूनही "तू वाजवत होतास का?" हे ऐकावं लागतं. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॉटचा अँप काढला. त्याच्यासोबतच्या डब्यात १० इंची आठ स्पीकर असतात आणि जगभरचे बेसवाले त्याला फ्रिज म्हणतात.

माझा डबा त्याच्या निम्माही नाही. एकच १५ इंची स्पीकर, वजन ३५ किलो, तेही सेकंडहँड. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बिल्डरच्या माहितीपत्रकात आहे. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, काळा चौकोनी डबा उतरवून मी ऑटोत ठेवतो तेव्हा नागपुरातला कोणताही ऑटोवाला एकच प्रश्न विचारतो.

"कूलर आहे का भाऊ?"

पहिली दोन वर्षं मी अँप्लिफायर काय असतो ते समजावून सांगत असे. आता नुसतं "हो" म्हणतो. मग तो खस कधी बदलायची, पंप कोणता चांगला आणि सीताबर्डीला कुठे स्वस्त मिळतो हे सांगतो. माझ्या घरच्या खऱ्या कूलरची देखभाल मी अशीच शिकलो.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. काटोल रोडवरचं एक लॉन, लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत. नागपुरात लॉन म्हटलं की गवत असेलच असं नाही, पण स्टेज, खुर्च्या आणि पाण्याचे जार नक्की असतात. डबा स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, वायर लावली, स्विच दाबला.

घूंऽऽऽऽ.

मी वाजवत नव्हतो. बेस तर अजून बॅगेतच होता. साउंडवाल्याने लांबून हात केला, "बेस कमी करा." हे वाक्य तो जन्मतःच शिकून आलेला असतो. बेस घरी विसरलो असतो तरी त्याने ते म्हटलं असतं. मी आवाज कमी केला. घूं तेवढीच. मग साउंडवाल्यानेच निदान केलं, अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

इलेक्ट्रिशियन पिवळं मल्टिमीटर गळ्यात अडकवून आला. चेहऱ्यावर शल्यविशारदाची शांती.

"अर्थिंग कायले पाहिजे भाऊ?"

"घूं येऊन राहिली नं."

"लाइट लागून राहिले, पंखे फिरून राहिले, चॉकलेटचा फवारा चालू आहे. कोणालेच अर्थिंग नाही लागत. तुमचंच काय नवीन?"

तरीही त्याने मीटरच्या दोन्ही काड्या बोर्डात खुपसल्या. आकडा पाहिला, बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, की आकडा माझ्यामुळे आला असावा.

मी घरी फोन लावला. आमचे बाबा विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्तीनंतर माणसाला कुणीतरी तांत्रिक प्रश्न विचारावा लागतो. मी फोन स्पीकरच्या जाळीला लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"पन्नास हर्ट्झ," बाबा गहिवरून म्हणाले. "आपलाच आहे."

"बाबा, हा बंद कसा करायचा?"

"बंद? अरे, ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रीड जोडली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हा एकच सूर आहे. ४९.९० ते ५०.०५, या पट्ट्यात धरून ठेवतात. तुझ्या गिटारचं ट्यूनिंग टिकतं का इतकं?"

टिकत नाही. पण बाबांच्या बोलण्यावरून मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी उभ्या उभ्या हिशेब केला. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ. तीच तिसऱ्या पडद्यावर दाबली की ४९. म्हणजे जी. म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. म्हणजे या देशातल्या यच्चयावत ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचे चोक आणि अर्थिंग नसलेली लॉनं अहोरात्र पांढरी पाच धरून बसलेली आहेत, फक्त अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढी.

"थोडी चढी आहे बाबा. आमच्या सुराला लागत नाही."

"मग तुम्ही चढा. कोराडीचं वीजकेंद्र काही तुमच्यासाठी खाली येणार नाही."

हे मी कीबोर्डवाल्याला जाऊन सांगितलं. कीबोर्डवाल्याचं आणि माझं नातं नाजूक आहे. दर सहा महिन्यांनी तो मॅनेजरला सुचवतो की बेस तो डाव्या हाताने देऊ शकतो, ऑटोभाडंही वाचेल. मी त्याला सांगतो, की पंचमची गाणी ऐक, त्यात टोनी वाझचा बेस काढून टाक आणि मग डावा हात घाल. तो म्हणतो, "ऐकणाऱ्यांना कुठे कळतं?" इथे वाद थांबतो, कारण त्याचा मुद्दा बरोबर असल्याची भीती मला आहे. तर त्या संध्याकाळी त्याने दोन बटणं दाबली, कीबोर्ड केसभर वर चढवला आणि पहिली चार गाणी पांढरी पाचमध्ये आणून ठेवली. मीही चारी खुंट्या तेवढ्याच पिळल्या. घूं तानपुऱ्यासारखी खाली बसली. गायिकेला ती पट्टी जमेना, पण तिला माइकमधून ओठाला झिणझिण्या येत होत्या, त्यामुळे पट्टीची तक्रार मागे पडली.

एवढ्यात वरपक्षाच्या एक आजी खुर्ची ओढत ओढत स्टेजच्या डाव्या कोपऱ्याशी आल्या. डब्यासमोर खुर्ची लावली, पदर सैल केला आणि बसल्या. पाच मिनिटांनी मला खूण केली.

"सुरू कर नं बाप्पा हा. केव्हाची बसली मी."

"आजी, हा कूलर नाही."

"असू दे. कमीवर लाव."

काय बोलणार? कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्याचा ठेका पडला, मी जाड तारेवर बोट मारलं. माझ्या डब्याला खाली एक भोक आहे. खर्ज नीट बाहेर पडावा म्हणून ते असतंच आणि जोरात वाजवलं की त्यातून खरोखर हवा येते. आजींच्या पदराचं टोक हललं. आजींचा चेहरा उजळला.

"थोडी थोडी येऊन राहिली," त्या शेजारच्या सुनेला म्हणाल्या. "पाणी टाकाले सांग त्याले."

मी सूनबाईंच्या हातातल्या पाण्याच्या जगावर एक डोळा ठेवून पुढचं गाणं वाजवलं. माझ्या इतक्या वर्षांत माझ्या बेसकडे एवढं लक्ष देऊन बसलेला हा पहिला श्रोता. मी हळू वाजवलं की आजी खुणेने वाढवायला सांगत. साउंडवाला लांबून कमी करायला सांगे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी दोन पक्ष पडले होते.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात माझा आवाज फाटायला लागला. आधी तार भिंतीला घासल्यासारखा, मग डब्यात माशी अडकल्यासारखा. मी ओळखलं. माझ्या बेसच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोचलेली असली की ती चालूच राहते. घरी रियाज झाल्यावर मी ती वायर पंधरा दिवस तशीच ठेवली होती. दुसरी बॅटरी? होती. घरी, फ्रिजवर, विसरू नये म्हणून समोरच ठेवलेली.

गाणं संपलं आणि मीही संपलो. चारी तारा छेडल्या तरी काही नाही. आणि डब्यातून घूं मात्र तशीच, अखंड, देशभर जोडलेली.

मी स्टेजच्या मागे धावलो. तिथे खुर्चीवर इलेक्ट्रिशियन बसला होता, एका हातात ताट, गळ्यात पिवळं मल्टिमीटर. माझी नजर त्या मीटरवर गेली. त्याची माझ्या नजरेवर गेली. त्याने ताट मांडीवर ठेवलं आणि मीटर दोन्ही हातांनी धरलं.

"नाही," तो म्हणाला.

"दोन तासांसाठी."

"मग मी अर्थिंग कायनं चेक करू?"

आता त्याला अर्थिंग आठवलं. बोलणी पाच मिनिटं चालली. शेवटी गुलाबजामच्या काउंटरवर ओळख आहे असं मी खोटंच सांगितलं आणि सौदा पटला. त्याच्याच टेस्टरने मीटरची पाठ उघडली, बॅटरी काढली. मग माझ्या बेसची पाठ उघडायची होती. चार बारीक स्क्रू. त्यातला एक हातातून निसटून फळ्यांच्या फटीतून स्टेजखाली गेला, तो अजून तिथेच असेल. हे सगळं होईस्तोवर चौथं गाणं पूर्ण झालं होतं आणि पाचवं अर्ध्यावर आलं होतं. मी परत कोपऱ्यात येऊन पाहतो तर कुणालाही काही फरक पडलेला नव्हता. ड्रमवाला खूश. कीबोर्डवाला आपल्या डाव्या हाताकडे अर्थपूर्ण बघत होता. फक्त आजी खुर्ची फिरवून खऱ्या पंख्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी वायर गुंडाळत होतो, तेव्हा वधूचे एक काका आले. सफारी, गळ्यात सोन्याची साखळी, हातात मसाला पान. माझा हात हातात घेतला.

"तुम्ही बेसवर होते नं? मी मागे, तरीच्या काउंटरला होतो, तिथपर्यंत येत होता. आम्हीही कॉलेजात असताना थोडंफार केलंय, कान आहे आपल्याला. सगळं बेस झालं. पण ते चौथं गाणं... काय धरून ठेवला होता खालचा सूर! हलला नाही हो!"

मी आभार मानले. काय करणार? देशाच्या वतीने मानले.

काका वळले तर मागे इलेक्ट्रिशियन उभा. सगळं ऐकलेलं. एक हात कमरेवर, दुसरा माझ्यासमोर पसरलेला.

"मी पहिलेच म्हटलं होतं," तो म्हणाला, "अर्थिंग कायले पाहिजे? आना बॅटरी."

मी स्क्रू उघडायला घेतले. आता तीनच होते, त्यामुळे लवकर झालं. डबा खांद्यावर मारून गेटपर्यंत आलो, तर रात्री साडेबाराला तिथे एकच ऑटो उभा होता.

"कूलर आहे का भाऊ?"

"हो," मी म्हटलं. "हवा चांगली आहे, पण पंप गेला."