अर्धा श्लोक फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

‘गीता म्हणते फळ मागू नका, कर्मसिद्धांत म्हणतो सगळं आधीच ठरलंय, जग तर मायाच, म्हणून हिंदू माणूस जातीपासून खड्ड्यांपर्यंत सगळं सोसत बसतो.’ हा मजकूर सध्या मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. गंमत म्हणजे काहीजण तो टीका म्हणून पाठवतात, काहीजण हात जोडून उपदेश म्हणून.

आधी फळाचं. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ सगळ्यांना पाठ असतं. त्याच श्लोकाचा शेवटचा चरण, ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, कुणी टाइप करत नाही. काहीच न करण्याची ओढ नको, असं कृष्ण तिथल्या तिथे बजावतो. निकालावर आपला ताबा नाही, एवढंच म्हणणं आहे. पगारवाढ मागणाऱ्याला हा श्लोक ऐकवणाऱ्या साहेबांनी तो पुरता वाचावा. १९०८च्या जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्याच शिक्षेत मंडालेला टिळकांनी गीतारहस्य लिहिलं, तेही कर्मयोगावर. आता यांना हातपाय गाळून बसलेले म्हणायचं का?

‘सगळं ठरलंय’ हे तर गीतेच्याच विरुद्ध जातं. अठराव्या अध्यायात कुठल्याही घटनेची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्म घडतं ती जागा, कर्ता, साधनं, हालचाली, आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’. दैव पाचवं. २०१७च्या ऑगस्टमधल्या पुरात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक डॉक्टर गेले. अशा वेळी ‘त्यांची वेळ आली होती’ म्हणून मोकळे होणारे थेट पाचव्यावर उडी मारतात. रस्ता कसा होता, झाकण कुणी उघडलं, तिथे जाळी का नव्हती, हे आधीच्या चार कारणांचे प्रश्न कोण विचारणार?

मायेबद्दल फार लिहायला नको. जग मिथ्या हे अद्वैत या एका वेदान्तपंथाचं मत. द्वैत मांडणाऱ्या मध्वाचार्यांच्या मते जग खरंच आहे, तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाच्या मतेही. आणि अद्वैत मांडणारे शंकराचार्यसुद्धा व्यवहारापुरतं जग मान्य करतात.

राहिली जात. इथे फॉरवर्ड खोटं बोलत नाही. पूर्वजन्मीच्या पापाचं कारण पुढे करून माणसांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं गेलं. गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला झटकता यावी म्हणूनच पूर्वकर्माची कल्पना रचली गेली, असा आंबेडकरांचा आरोप होता. त्यावर पाच कारणांचा श्लोक फेकून सुटका होत नाही.