डॉक्टर, माझ्याकडे चार हजार आहेत

हे एवढं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आमचा खंड्या जवळपास गेलाच होता. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

खंड्या गावठी कुत्रा. साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला माझं झेरॉक्स-बायंडिंगचं छोटं दुकान आहे. एका डिसेंबरात हे पिल्लू मशीनखाली ऊब मिळते म्हणून येऊन बसलं ते उठलंच नाही. रविवार होता, म्हणून आईनं खंड्या नाव ठेवलं. विकत आणला नाही, पाळायचा असं ठरवलंही नाही. चार दिवसांनी शटर ओढताना तो माझ्याआधी स्कूटरच्या फूटबोर्डवर चढून बसला, एवढीच काय ती आमची चर्चा.

तीन वर्षांपूर्वी पाऊस संपता संपता त्यानं भाकरी सोडली. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, खाल्लं असेल कुठंतरी काहीतरी. दुसऱ्या दिवशी शटर उघडल्याचा आवाज झाला तरी मान वर करेना. तेव्हा उचलला आणि एका दवाखान्यात नेला. काचेचं दार, एसी, काउंटरवर गोड बोलणारी मुलगी. डॉक्टरांनी नीट तपासलं, त्याबद्दल तक्रार नाही. मग कागदावर लिहून दिलं: रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सलाइन, चार दिवस अ‍ॅडमिट. खाली आकडा 18,000 आणि शेजारी ‘अंदाजे’.

महिनाअखेर होती, लेकीची फी नुकतीच भरली होती. खात्यात चार हजार आणि काही शे. मी काय म्हणालो असेन?

"बरं, घरी विचारून येतो."

साडीच्या दुकानातून उठताना आपण म्हणतो ना, तेच. डॉक्टरांनी मान हलवली. दिवसातून दहा वेळा ऐकत असतील. मी तपासणीचे पैसे दिले आणि कुत्रं उचलून बाहेर आलो.

माझा राग त्या डॉक्टरांवर नाही. ‘लुटायला बसलेत’ हे लिहिलं की शंभर लाइक येतात, माहीत आहे. पण त्यांना भाडं आहे, मशीनचे हप्ते आहेत, आणि त्यांनी जे लिहिलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबरच असणार. मुद्दा असा की माझ्या खिशात किती आहेत हे त्यांना कळलंच नाही, कारण मी सांगितलंच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. ‘ऐपत नाही तर कुत्रं पाळता कशाला’ हे ते म्हणाले नाहीत. ते माझं मीच मनातल्या मनात म्हणून घेतलं.

आता त्या लाजेपायी पुढं काय केलं ते ऐका.

घरी येऊन थर्मामीटर लावला तर 102. माझे हातपाय गळाले. मेडिकलमधून अंगदुखी-तापाची गोळी आणली, माणसांची, आणि अर्धी गुळात घालून दिली. वास्तविक कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे ठणठणीत कुत्रं. त्याला तेव्हा ताप नव्हताच! आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन म्हणा, डायक्लोफेनॅक म्हणा, कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात, मूत्रपिंडावर जातात. हे मला नंतर कळलं, तेही बोलणी खाऊन. संध्याकाळी त्यानं थोडं पाणी प्यायलं. आम्ही खूश. बायको म्हणाली, बघा, उगाच अठरा हजार घालवणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्याजवळच्या पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके. आधी वाटलं लेकीचं कुंकू सांडलं. मग तो शिंकला आणि अजून चार ठिपके पडले. नाकातून रक्त येत होतं.

शेजारचे अण्णा दूध संघातून रिटायर झालेले. त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "शिरवळला नेलं का?" मी म्हटलं, तिथं काय? "आरं, जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज हाय तिथं. आमच्या संघाच्या म्हशी न्यायचे. कुत्री बी बघत्यात." मी आयुष्यभर पुण्याला जाताना ती पाटी बघत आलोय. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. मांजर-कुत्र्याचा आणि त्या पाटीचा काही संबंध असेल असं डोक्यात कधी आलंच नाही.

अण्णांच्या पुतण्याचा छोटा हत्ती डिझेलच्या पैशांवर मिळाला. साठेक किलोमीटर. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो, हलतेय का बघायला.

रांगेत आमच्या पुढं एक शेळी, तिच्या पुढं शिंग मोडलेला बैल. केसपेपर काढला तर रक्कम ऐकून मी दोनदा विचारलं. एका विद्यार्थिनीनं खंड्याचा ओठ वर केला आणि हिरडी दाबली. कुत्र्याची हिरडी गुलाबी असते, दाबली की पांढरी होते आणि बोट काढताच दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी. आमच्याची दाबायच्या आधीच भिजलेल्या खडूसारखी. मग तिनं कान उलटा केला, पंजाची बोटं फाकवली आणि चिमट्यानं एक गोचीड काढून तळहातावर ठेवली. एरंडीची बी असावी तशी फुगलेली. तशा अकरा निघाल्या. रोज ज्या डोक्यावरून हात फिरवत होतो, त्याच डोक्याच्या कानामागं.

तिच्या मॅडम आल्या आणि तिथं मी शेवटी बोललो. "मॅडम, माझ्याकडे चार हजार आहेत. त्यात काय होईल ते सांगा."

बाईंना काही वाटलंच नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या, केसपेपर उलटा केला आणि मागं दोन रकाने पाडले. एकीकडं ‘आज’, दुसरीकडं ‘नंतर, लागलं तर’. ‘आज’मध्ये रक्ताची मोजणी, काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, इंजेक्शन आणि डॉक्सीसायक्लिन, म्हणजे जंतूंवरची गोळी. सोनोग्राफी ‘नंतर’मध्ये गेली. ती शेवटपर्यंत लागली नाही.

गोचीड ताप निघाला. एर्लिकिया नावाचा जंतू, तपकिरी गोचिडीतून येतो आणि रक्तातल्या प्लेटलेट खाली आणतो. निरोगी कुत्र्याला दोन लाखांच्या वर असतात, खंड्याच्या 28 हजार होत्या. म्हणून नाकातून रक्त. मॅडमनी विचारलं, घरी काही दिलं होतं का? मी गोळीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्त थांबवणाऱ्या पेशी आधीच कमी, त्यात तुम्ही पोटातून रक्त यायची सोय केलीत." पुढचं लिहीत नाही. लेक शेजारी उभी होती.

डॉक्सीसायक्लिन ही माणसांचीच जुनी गोळी, साध्या मेडिकलमध्ये मिळते. जेनेरिक घेतली तर पट्टी शंभर रुपयांच्या आत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागितलं तर जनऔषधी केंद्रातही विचारता येतं. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या, माझा बघून देऊ नका. आमच्याला सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस. सहा पट्ट्या. कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात दोन फुल्या मारायचं काम लेकीकडं.

तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा खाल्ला. सहाव्या दिवशी दारात कुरिअरवाल्यावर भुंकला. आणि इथंच बहुतेक घरं फसतात. बरं वाटलं, गोळ्या बंद, उरलेल्या कपाटात. मग जंतू अंगात दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी दुप्पट खर्चानं उलटतो. मॅडमनी दोनदा बजावलं होतं म्हणून आम्ही 28 पूर्ण केले. गोळी उपाशीपोटी दिली तर ओकतो. दुधातून दिली तर दुधातल्या कॅल्शियममुळं औषध नीट अंगी लागत नाही. म्हणून पोळीला तूप लावायचं, आत गोळी, आणि त्याच्या मागं घरभर फिरायचं. कीर्तनात ऐकलंय, नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. इथं तूप लावलेली पोळी आयती होती आणि कुत्रं उलट्या दिशेला.

सगळा हिशोब, डिझेल आणि दुसरी फेरी धरून: 3,140 रुपये. वहीत लिहिलेला आहे. त्या अर्ध्या गोळीचे दोन रुपये त्यात धरलेले नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की खोलीत शिरल्या शिरल्या आकडा सांगा. तपासणी झाल्यावर नको, बिल आल्यावर तर नकोच. आणि मग विचारा: यातलं आज केलंच पाहिजे असं काय आणि चार दिवस थांबलं तर चालेल असं काय? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा. डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे, ‘घरी विचारून येतो’ म्हणणाऱ्या माणसाला दारातून परत बोलवा आणि किती जमेल तेवढं विचारा. घरी विचारण्यासारखं कुणी नसतं हो. घरी मेडिकलची गोळी असते.

यावर हमखास येणारी कमेंट: ‘परवडत नाही तर पाळू नये.’ अहो, सत्तर हजारांचं, बर्फातल्या जातीचं हस्की कुत्रं घेऊन सांगलीच्या उन्हात पंख्याखाली ठेवणाऱ्याला हे म्हणा, मी टाळ्या वाजवतो. रस्त्यावरचं पिल्लू दारात येऊन बसतं तेव्हा त्याला पर्याय बंगल्याचा नसतो, टायरचा असतो.

आता कुठं जायचं ते. शिरवळसारखी सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी आणि उदगीरलाही आहेत आणि प्रत्येकाला जोडून दवाखाना आहे. विद्यार्थी बघतात म्हणून नाक मुरडू नका. त्यांच्या मागं प्राध्यापक उभा असतो, आणि आमच्या खंड्याच्या गोचिडी त्या पोरीनंच शोधल्या. मुंबईकरांना परळचं बैलघोडा सांगायला नको. दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावानं ते रुग्णालय 1880च्या दशकात उभं केलं आणि शेजारचं कॉलेज 1886 चं. जिल्ह्याच्या गावी पशु सर्वचिकित्सालय असतं. तालुक्याच्या दवाखान्याबद्दल मात्र खरं सांगतो, डॉक्टर बऱ्याचदा गाईम्हशींच्या मागं वाडीवस्तीवर गेलेले असतात आणि कुत्र्याची औषधं असतीलच असं नाही. फोन करून जा. 1962 वर फोन केला तर फिरतं पथक येतं, पण त्याचा भर मुख्यतः गुरांवर. 6 जुलै आणि 28 सप्टेंबर या दोन तारखांच्या आसपास बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस फुकट टोचतात. पहिला जागतिक झुनोसिस दिवस, म्हणजे जनावरांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचा, दुसरा रेबीज दिवस, दोन्ही रेबीजची लस काढणाऱ्या लुई पाश्चरच्या आठवणीतले. पेपरात कोपऱ्यात बातमी येते, डोळा ठेवा.

आणि काही ठिकाणी पैशाचा विचार रस्त्यात करायचा, घरी बसून नाही. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण, पोट अचानक नगाऱ्यासारखं फुगणं, लघवी कोंडणं. हे सकाळपर्यंत थांबत नाही. आमच्या गल्लीत लसीचे काही शे रुपये वाचवलेलं एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू पार्व्होत, म्हणजे रक्ताच्या हगवणीच्या त्या साथीच्या रोगात, गेलं, सलाइनवर नऊ हजार घालवून. त्या घरातल्या आजोबांनी त्यानंतर मला काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून लसीच्या वेळापत्रकाच्या वीस झेरॉक्स काढून नेल्या आणि दूधवाल्याकडं वाटायला दिल्या. पैसे घ्यायला नको वाटलं तर रागावले.

गोचिडीचं शेवटचं. रॉकेल लावू नका, काडीनं चटका देऊ नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. अंगावरच्या काढून भागत नाही, कारण मादी अंडी घालते भिंतीच्या फटीत, एकावेळी हजारो. आम्ही दुकानातला लाकडी रॅक हलवला तेव्हा मागचं प्लास्टर चालताना दिसलं. फटी सिमेंटनं बुजवल्या, फवारणी केली, ती वाळेपर्यंत खंड्या अण्णांकडं. दर रविवारी त्याचे कान आणि बोटं तपासणं हे आता आईचं काम. चष्मा लावून, तांदूळ निवडायच्या परातीत.

शिरवळला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि आधीच्या दवाखान्याचा कागद बरोबर घ्या. मी 18,000 चा तो कागद लाजेनं फाडून टाकला होता. त्यावर खंड्याचं आधीचं वजन आणि तापमान लिहिलेलं होतं, तोच मॅडमनी सगळ्यात आधी मागितला.