मसाई मारात चित्ता दिसला तर गाडी लांबच थांबवायला सांगा

गेल्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन केनियातल्या मसाई मारात पाच दिवस राहून आले. फोटो टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "बिग फाइव्ह दिसले का?" म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. दिसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत जे जाणार आहेत त्यांनी तरी हे वाचावं.

साडेसात वाजले होते. तलेक नदीच्या बाजूला एका वारुळावर चित्त्याची मादी बसली होती. खाली गवतात तीन पिल्लं. त्यांच्या पाठीवरचे ते लांब राखाडी केस अजून गेले नव्हते, म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिन्यांची असतील. समोर थॉमसन गझेल जातीची हरणं चरत होती. ती उठली, मान खाली घातली आणि एकेक पाऊल टाकत निघाली. आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आईने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात वायरलेसवर "दुमा, दुमा" सुरू झालं. दुमा म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत चित्ता. दहा मिनिटांत सतरा गाड्या जमल्या, मी मोजल्या. दोन गाड्या रस्ता सोडून गवतात शिरल्या आणि नेमक्या तिच्या आणि हरणांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हरणं उधळली. ती होती तिथेच खाली बसली. शेजारच्या गाडीतून चक्क मराठीत आवाज आला, "अजून पुढे घ्यायला सांग ना त्याला!" त्या काकूंचा मला राग आला नाही. आदल्या संध्याकाळी सिंहांपाशी मीही अगदी हेच म्हणाले होते.

आपल्या डोळ्यांना ती फक्त हुकलेली शिकार. तिच्यासाठी ते काय असतं? सिंह आणि तरसांच्या वाटेला जायला नको म्हणून चित्ता बहुतेक वेळा दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या सफारीच्या वेळेला. त्याची धाव काही सेकंदांची. शिकार मिळाली तरी धाप लागून तो कितीतरी वेळ नुसता बसून राहतो, आणि तेवढ्यात तरस आलं तर सगळं सोडून द्यावं लागतं. पिल्लं असलेल्या मादीला तर जवळजवळ रोज शिकार लागते. मारातल्याच चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. जास्त वर्दळीच्या भागात ०.२. हा आकडा वाचला आणि त्या तीन पिल्लांचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

नियम आहेत. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, बाकीचे थांबले असतील तर दहा मिनिटांत निघायचं. पण ड्रायव्हरची टीप आपल्या हातात असते, आणि आपण खूश होतो ते जवळच्या फोटोवर. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे २०० डॉलर नुसत्या प्रवेशाचे पडतात. एवढे पैसे मोजल्यावर जवळून बघायची ओढ वाटणारच, मला कळतं. म्हणूनच ड्रायव्हरला लांब थांबायला आपणच सांगायला हवं. त्याने आपणहून लांब थांबवली तर गाडीतले सगळे नाराज होतील, ही भीती त्याच्या मनात असते.

आपल्या मनाला तर हे जास्त लागायला हवं. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार करत, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणले, तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसून होतो. 'चित्ता' हा शब्द अंगावरच्या ठिपक्यांवरून आलेला, संस्कृत 'चित्रक'पासून. मसाई लोकांच्या मा भाषेत 'मारा' म्हणजेही ठिपकेदार! मोकळ्या माळावर मधूनच उभी असलेली झाडं-झुडपं म्हणजे त्या जमिनीवरचे ठिपके. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

जाणार असाल तर बुकिंगच्या आधीच विचारा, ड्रायव्हर नियम पाळतात का. आणि जमलं तर एक-दोन रात्री राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कंझर्व्हन्सीत राहा. तिथली जमीन मसाई कुटुंबांची असते, तिचं भाडं त्यांना मिळतं आणि गाड्या मोजक्याच सोडतात. आमचे शेवटचे दोन दिवस नाबोईशो नावाच्या अशाच एका कंझर्व्हन्सीत गेले. तिथला ड्रायव्हर आईला "मामा" म्हणायचा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तिने त्याच्याकडून दोन शब्द शिकून घेतले होते, 'तफधाली' म्हणजे कृपया आणि 'म्बाली' म्हणजे लांब.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा एक चित्ता दिसला, एकटाच, उताराला. आईने पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तफधाली, म्बाली." त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. माझ्याकडचा त्या चित्त्याचा फोटो म्हणजे पिवळ्या गवतात एक बारीकसा ठिपका आहे. पाऊण तास आम्ही त्याच्याकडे बघत होतो आणि त्याने एकदाही मान वळवून आमच्याकडे पाहिलं नाही.