नाक घासून कुत्रं शिकत नाही हो!

आज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला आणि पाठोपाठ शेजारच्या गॅलरीतून चपलेचा फटका ऐकू आला. दहा आठवड्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू. सकाळी लादीवर मुतलं म्हणून मालकाने मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. वर म्हणे, "आता कळेल त्याला." काय कळेल? डोंबल! कळतं ते एवढंच, की या माणसासमोर मुतायचं नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन मुततं, आणि हाच माणूस चार दिवसांनी सांगत फिरतो की कुत्रं लबाड निघालं.

हिशोब साधा आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. साधारण तेवढे तास ते धरू शकतं, तेही झोपलेलं असेल तर. जागं असेल, खेळत असेल तर तासभरसुद्धा जड. शेजाऱ्याने याला रात्री दहाला कोंडलं आणि दार उघडलं सकाळी सहाला. आठ तास! त्याने काय करायचं होतं?

या वयात रात्री दोन-अडीचला गजर लावून उठायचं. दिवा कमी, बोलणं नाही, खेळ नाही. बाहेर, मोकळं, परत झोप. दिवसा झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत न्यायचं. म्हणून खाणं वेळेवर हवं, दिवसातून तीन-चार वेळा ठरलेलं. येताजाता हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, भात नि माशाची डोकी टाकलीत, तर ते कधी हगेल हे त्यालाच सांगता येणार नाही. पाणी मात्र दिवसभर ठेवा. गोव्याच्या उकाड्यात पाणी तोडणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा.

नेताना पट्टा लावून, रोज त्याच जागी. तिथे खांबासारखं उभं राहायचं, पाच मिनिटं. फोन खिशात. संपलं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांत खाऊचा तुकडा. घरात येऊन दिलात तर ते समजतं, घरात आल्याचं बक्षीस मिळालं. आणि लगेच आत आणू नका, दोन मिनिटं हुंदडू द्या. नाहीतर मुतलं की फिरणं संपतं हे त्याच्या लक्षात येतं आणि ते मुद्दाम धरून ठेवतं. काहीच केलं नाही तर आत आणून दहा-पंधरा मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, मग पुन्हा बाहेर. घरात मोकळं सोडलंत की गालिचा गेलाच. क्रेट उभं राहून वळता येईल एवढाच. मोठा घेतलात तर एका कोपऱ्यात झोपेल, दुसऱ्यात मुतेल.

लसी पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, रस्त्यावरची कुत्री जिथे मुततात तिथे नेऊ नका. पार्व्हो हा विषाणूचा आजार पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. आपलं आंगण, नाहीतर गॅलरीत ट्रेमध्ये लॉनचा तुकडा. आणि हा पाऊस! भिजायला लागलं की पिल्लू दारातच पाय रोवतं. वळचणीखाली एक कोरडी जागा ठरवून द्या, तुळशीपासून लांब. नाहीतर आजी त्याच्याबरोबर तुम्हालाही बाहेर काढेल.

शेजाऱ्याने नाक घासून झाल्यावर काय केलं? फिनेल ओतलं. आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पण त्याच्या नाकाला खालचा वास तसाच येतो, आणि तो सांगतो की मुतायची जागा हीच. लघवीचा वास मोडून काढणारं एन्झाइमवालं क्लीनर टाका आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, लगेच पुसू नका. नसेल तर पांढरा व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं. मार्बलवर मात्र नको, चकाकी जाते. माडाचा विनागर स्वयंपाकालाच राहू दे.

हो, नोकरी करणाऱ्याला दर दोन तासांनी घरी येता येत नाही, मान्य. मग शेजारच्या काकींना सांगा, नाहीतर वर्षभर थांबून मोठं कुत्रं आणा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात तर पिल्लू आणूच नका. माणसं, फटाके, उघडी दारं, वेळापत्रकाचे तीनतेरा. आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक थोडं थोडं, सारखं मुतायला लागलं तर ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा लघवीला संसर्ग झालेला असतो.

एवढं लिहून राग थोडा उतरला. त्या माणसाला त्याच्या घरात कुणी वेगळं दाखवलंच नसेल. त्याच्या बापानेही हेच केलं असणार, चपलेसकट. आणि ते पिल्लू, फटका खाऊन पाच मिनिटांत त्याच हाताला चाटत होतं. ते बघवलं नाही खरं.

संध्याकाळी पांढऱ्या व्हिनेगरची बाटली त्याच्या दाराच्या कडीला अडकवून आलेय. सोबत कागद: रात्री अडीच.